बाबांच्या नावाचं वन

बाबा गेल्यावर कंपनीने आम्हाला एक वन देऊ केलं.

फोनवर बोलणारी मुलगी तरुण होती आणि बोलायची वाक्यं तिने आधी मनात घोळवली असावीत. पठारावर कंपनी यंदा झाडं लावणार होती, आणि त्या जागेला बाबांचं नाव द्यायचं वरिष्ठांनी ठरवलं होतं. दगडी फलक असेल, बसायला बाक असेल, आणि आमची हरकत नसेल तर पहिलं रोप आईच्या हातून लावलं जाईल. आईला विचारते, असं मी म्हणत होते, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"चालेल," ती म्हणाली. "कधी यायचं?"

बाबा गेल्यापासून तिने कशालाच चालेल म्हटलं नव्हतं. भेटायला आलेल्यांना ती खुर्ची दाखवायची आणि आत जाऊन भांडी घासायची. घासलेलीच पुन्हा घासायची. बाबांचा एकही कपडा हलवू देत नव्हती, आणि त्या कपड्यांकडे बघतही नव्हती. जिथे जाऊन उभं राहावं अशी त्यांची म्हणून कुठे जागाच उरली नव्हती. मी ग्रंथालयात काम करते. दुःखावरची चांगली पुस्तकं कोणत्या कपाटात आहेत हे मला पाठ आहे, आणि वर्षानुवर्षं मी ती लोकांच्या हातात देत आले आहे. आईच्या हातात एकही द्यायचं धाडस मला झालं नाही. कंपनीच्या त्या फोननंतर मात्र तिने संध्याकाळपर्यंत निम्म्या नातेवाइकांना कळवून टाकलं. सावली पडायला लागली की डबा घेऊन तिथे बसता येईल, असं ती मावशीला सांगत होती. झाडं वाढायला किती वर्षं लागतील, असं मावशीने विचारलं असणार, कारण आई म्हणाली, "लागू देत. मला कुठे जायचंय?"

बाबांची कंपनी वाऱ्यापासून वीज करते. शहरापासून निम्म्या दिवसाच्या प्रवासावर डोंगर आहेत, त्यांच्या माथ्यावर लांबरुंद पठार, आणि पठाराच्या कडेने पवनचक्क्यांची रांग. त्या पठारावर आणि त्याच्या उतारांवर जे लोक कंपनीच्या, सरकारच्या आणि आमच्याही कितीतरी आधीपासून राहतात, त्यांना कंपनीच्या कागदांत 'मूळनिवासी समुदाय' म्हणतात. बाबा त्यांना नुसतं 'वरचे' म्हणायचे. कंपनी आणि वरचे यांच्यामध्ये ये-जा करणं ही बाबांची नोकरी. रस्ता कुठून न्यावा, खांब कुठे रोवावा, कुठला झरा वगळावा, हे वर जाऊन ऐकायचं आणि खाली येऊन सांगायचं. त्यांचं खातं म्हणजे कंपनीचा कान, पण तो कोणत्या डोक्याला जोडलाय ते अजून सापडलेलं नाही, असं ते हसून म्हणायचे. घरी आल्यावर मात्र वरचं काही बोलत नसत. चपला दाराबाहेर काढाव्यात तसं ते सगळं बाहेर ठेवूनच आत यायचे.

आई कधी वर गेली नव्हती. तिला थेट लागवडीच्या दिवशीच जायचं होतं, म्हणून फलकाची जागा ठरवायला मी एकटी गेले.

पायथ्याशी कंपनीचं ऑफिस आहे, लांबट, एकमजली. फोनवरची मुलगी दाराशी उभी होती. तिच्या पदाचं नाव मोठं होतं, शाश्वत विकास विभागाची प्रमुख वगैरे. ड्रायव्हर तिला पाठीमागे झाडबाई म्हणायचा आणि ते तिला ठाऊक होतं, कारण ओळख करून देताना तिने स्वतःच सांगून टाकलं. तिने मला आधी बाबांची खोली दाखवली. खोलीत त्यांनी टेबल भिंतीला लावून टाकलं होतं आणि मध्ये एकाच उंचीच्या दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. साहेबांची खुर्ची उंच हवी म्हणून सामान पुरवणारा माणूस दोनदा भांडून गेला होता म्हणे. खुंटीवर त्यांचं पावसाळी जाकीट होतं. मी त्याच्या खिशात हात घातला नाही.

बाहेरच्या खोलीत भिंतभर पठाराचा नकाशा होता. झाडं हिरवी, वस्त्या तांबड्या, चक्क्या निळ्या, आणि मधला मोठा तुकडा पिवळा. पिवळं म्हणजे काय, असं मी विचारलं.

"रिकामं," झाडबाई म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "म्हणजे, झाडं नसलेलं."

रस्त्यांसाठी आणि चक्क्यांसाठी जेवढी झाडं तोडली त्याच्या तिप्पट लावायची, असा कंपनीचा नियम होता. नियम तिनेच भांडून करून घेतला होता. आधी तर तोडलेली कुणी मोजतही नव्हतं. लावायला जागा लागते, आणि जागा पिवळी होती. हे सांगताना तिच्या आवाजात अभिमान होता, तो मला खोटा वाटला नाही.

जीप वर चढली तसं मी पाहिलं की पिवळं म्हणजे गवत होतं. कमरेएवढं, वाळत आलेलं, वाऱ्याने एका बाजूला कललेलं. चक्क्यांच्या पात्यांच्या सावल्या त्यावरून सरकत होत्या. आणि त्या गवतात सरळ ओळींत खड्डे खणलेले होते, प्रत्येकाशेजारी मातीचा ढीग. रस्त्याच्या कडेला हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांतली रोपं दाटीवाटीने उभी होती, शाळेच्या रांगेतल्या मुलांसारखी.

खड्ड्यांच्या कडेला माणसं बसली होती, बायका जास्त. कुणी दोर वळत होतं, कुणी नुसतं बसलं होतं. खड्डे खणायला सुरुवात झाल्यापासून ही मंडळी रोज अशीच येऊन बसतात, झाडबाई म्हणाली, फार गोड लोक आहेत, कामावरच्या माणसांना पाणी आणून देतात.

त्यांच्यातली एक म्हातारी उठून आली. उंच, वाळकी, एका डोळ्याने नीट दिसत नसावं, कारण मान तिरकी करून तिने मला न्याहाळलं. सगळे तिला आत्या म्हणत होते.

"तू विचारून-सांगतोची मुलगी," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मागे बसलेल्या बायका हसल्या. मग कळलं की वर बाबांचं हेच नाव होतं. काहीही विचारा, हा माणूस म्हणायचा, विचारून सांगतो. रस्ता इकडून नेणार का? विचारून सांगतो. दिवे कधी लागणार? विचारून सांगतो. एकदा एका पोराने त्यांना वेळ विचारली होती, असं आत्याने सांगितलं, आणि पुढचं सांगायची तिला गरज पडली नाही. मीही हसले. बाबा गेल्यानंतर त्यांच्यावर हसण्याची ही पहिलीच वेळ होती, आणि ते हसू माझ्याआधी इतर लोकांच्या तोंडात तयार होतं याचं मला बरं वाटलं.

आत्याने मला गवतात बसवलं. झाडबाई जरा अंतरावर फोनवर बोलत होती.

"पण सांगायचा," आत्या म्हणाली. "उशिरा सांगायचा, वाईट असलं तरी सांगायचा. यावेळी प्रश्न घेऊन गेला आणि आला नाही. आम्ही वाट बघतोय."

"कोणता प्रश्न?"

तिने हाताने गवत दाखवलं. हे गवत त्यांची छपरं होतं, जनावरांचा चारा होतं, अंथरूण होतं. पठाराच्या पट्ट्या पाडलेल्या होत्या. दर वर्षी प्रत्येक घराला एक पट्टी मिळायची आणि दर वर्षी ती बदलायची, म्हणजे चांगली पट्टी कुणा एकाच्या बुडाखाली राहू नये. काही पट्ट्या नुसत्या सोडलेल्या असायच्या. झाडं वाढली की त्यांच्या सावलीत हे गवत टिकत नाही. कंपनी इथे झाडं लावणार असं कानावर आलं तेव्हा त्यांनी बाबांना विचारलं होतं, हे थांबवता येईल का? बाबा नेहमीचं बोलून खाली गेले. खाली गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी, ऑफिसच्या पायऱ्यांवर, त्यांचं हृदय थांबलं.

मी विचारलं, मग तुम्ही दुसऱ्या कुणाला का नाही सांगितलं? ही बाई तर रोज इथे असते.

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं जसं मी तिला भर सभेत काहीतरी अचकटविचकट विचारलं होतं. मग तिने समजावलं. त्यांच्यात एखादा प्रश्न एका माणसाच्या हाती दिला की तो त्याचा. तो उत्तर घेऊन येईपर्यंत तोच प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारायचा नाही. विचारला तर पहिल्यावर भरवसा नाही असा त्याचा अर्थ, आणि याहून मोठा अपमान त्यांच्याकडे नाही. कंपनीची बाई आली, तिने झाडांचा विषय काढला, तेव्हा ते गप्प बसले. बोलणार कसे? प्रश्न बाबांपाशी होता.

"आणि माणूस मेला तर?"

"तर उत्तर त्याच्या घरातून येतं," आत्या म्हणाली. "घर लांब आहे, म्हणून वेळ लागतोय असं आम्ही धरलं. ते खड्डे खणत राहिले, आम्ही बसून राहिलो. आता तू आलीस."

मी म्हटलं, मी फलकाची जागा बघायला आले आहे.

"कसला फलक?"

मला सांगावं लागलं. इथे त्यांच्या नावाचं वन होणार आहे, आईच्या हाताने. मागच्या बायकांपैकी कुणीतरी दुसरीला हळूच सांगितलं, तिने तिसरीला, आणि ते वाक्य ओळीच्या टोकापर्यंत गेलेलं मला दिसलं. एक बाई दोर वळायची थांबली.

"त्याच्या नावाने," आत्या अखेर म्हणाली. "वा." ते वा मला अजून ऐकू येतं.

परतताना मी झाडबाईला सगळं सांगितलं. ती ऐकत असताना तिने जीप थांबवायला लावली आणि खाली उतरून रस्त्याच्या कडेला पाठमोरी उभी राहिली. मग ती परत आली. जमीन रिकामी नाही हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, ती म्हणाली, ती काही आंधळी नव्हती. पण नकाशासाठी आकाशातून फोटो घेतले तेव्हा नुकतीच कापणी झालेली होती आणि पठार बोडकं दिसत होतं. आणि नियमात मोजायला फक्त झाडं होती, गवताला रंगच नव्हता. कुणी हरकत घेतली असती तर ती भांडली असती. हरकतींसाठी तिने मुदत ठेवली, स्वतः वर गेली, घरोघर बसली.

"त्यांनी मला बसायला दिलं, पाणी दिलं. झाडांचं काढलं की सगळे गप्प. मी म्हटलं, गप्प आहेत म्हणजे चालेल." ती बाहेर बघत पुढे म्हणाली, "आमच्या मीटिंगांमध्ये तसंच असतं ना."

आता मुदत संपली होती, वरिष्ठांची मंजुरी झाली होती, पाहुणे ठरले होते. एकच वाट उरली होती. ही मंजुरी स्मृतिवन म्हणून मिळालेली होती. कुटुंबाने नाव काढून घेतलं तर ती आपोआप रद्द होते आणि जागेचा विषय पुन्हा पहिल्यापासून काढावा लागतो. "पण हे मी तुम्हाला सांगितलं असं म्हणू नका," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "नाहीतर म्हणा. काय फरक पडतो."

घरी आले तेव्हा आई जेवणाच्या टेबलाशी चष्मा लावून बसली होती. फलकावर काय लिहायचं ते तिने ठरवत आणलं होतं. बाबांचं नाव, त्याखाली 'शांत आणि मनमिळाऊ'. मी म्हटलं, शांत कुठे होते, बातम्या बघताना टीव्हीवर ओरडायचे. आई म्हणाली, दगडावर सगळं खरं लिहायचं नसतं.

मग मी तिला सांगितलं. फार हळू, आणि शक्य तितकं कोरडं. गवत काय आहे, प्रश्न काय होता, तो कुणापाशी होता. सगळं सांगून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला.

"आयुष्यभर त्या वरच्यांचा होता," ती म्हणाली. "तू लहान होतीस तेव्हा तुला ताप होता आणि हे वर. माझ्या आईला नेलं तेव्हा वर. मी कधी काही म्हटलं? आता गेल्यावर तरी माझा होऊ दे. एक बाक मागतेय मी. एक झाड."

खरं सांगायचं तर वनाची ओढ मलाही होती. जीपमधून उतरण्याआधी, पठार पहिल्यांदा दिसलं त्या क्षणी, बाक कुठे ठेवायचा हे मी मनात ठरवूनही टाकलं होतं: कडेला, जिथून खालची दरी दिसते. मी आईला म्हटलं की तू म्हणशील तसं. नाव राहू दे म्हणालीस तर राहील. यात मी तुझ्याविरुद्ध जाणार नाही.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. भांड्यांचा आवाज येईल असं मला वाटलं. आला नाही. बऱ्याच वेळाने ती दारात आली.

"उत्तर घरातून जातं म्हणालीस ना? मग मी जाते. मला त्या बाईला बघायचंय."

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही गेलो. वाटेत तिने ड्रायव्हरला वळणांवरून सूचना दिल्या आणि झाडबाईला, एवढ्या कडक उन्हात टोपी का घालत नाहीस, असं झापलं. झाडबाई "हो काकू" म्हणत राहिली. पठारावर उतरल्यावर आई खड्ड्यांच्या मधून सरळ चालत गेली. आत्या उठून उभी राहिली. दोघी समोरासमोर आल्या आणि कोण आधी बोलणार हे कुणालाच कळेना. दोघींचंही वय साधारण एकच असावं. मला आत्या कितीतरी म्हातारी वाटली होती.

"जेवायचे का इथे नीट?" आईने विचारलं.

"खायचा," आत्या म्हणाली. "तिखट नको म्हणायचा, आणि खायचा."

"घरीपण तेच. आणि झोपायचे?"

"दुपारी. तिथे." आत्याने एक पट्टी दाखवली, तिच्यात आणि बाकी गवतात मला काही फरक दिसला नाही. "तोंडावर टोपी टाकून. घोरायचा. पोरं नक्कल करायची."

आईने त्या दिशेला बराच वेळ पाहिलं. मग आत्याने तिला सांगितलं की त्याला काही द्यायला गेलं, मध म्हणा, कोंबडी म्हणा, तर तो घ्यायचा नाही. म्हणायचा, आधी घरी विचारावं लागेल. म्हणून वर सगळ्यांना वाटायचं की ह्याच्या घरी फार कडक बायको आहे.

"घरी?" आई म्हणाली. "घरी त्या माणसाने मला आयुष्यात एक गोष्ट विचारली नाही. पडद्यांचा रंगसुद्धा नाही."

आत्याला हसू आवरलं नाही. आधी नाकातून आलं, मग मोकळं. आई तिच्याकडे रागाने बघत होती आणि बघता बघता तीही हसायला लागली, डोळे पुसत, एका हाताने आत्याच्या दंडाला धरून, कारण पायाखाली खड्डा होता. मी आणि झाडबाई जरा मागे सरकलो. त्या दोघी पुढे काय बोलल्या ते मला सगळं ऐकू आलं नाही. आत्याचा नवरा कसा गेला हे आईने विचारलं, एवढं कळलं. छप्पर किती वर्षं टिकतं तेही विचारलं. मग ती खाली वाकली, गवताचं एक पातं ओढून पाहिलं, आणि हात कापला म्हणून त्याला शिवी दिली.

परत वळून ती आमच्याकडे आली तेव्हा तिचा आवाज नेहमीचा होता, दूधवाल्याशी बोलतानाचा.

"नाव काढून टाक," तिने झाडबाईला सांगितलं. "आणि हे खड्डे बुजवायला घ्या. कुणाचा पाय मोडेल."

त्यानंतरचं सगळं सरळ झालं असं नाही. झाडबाईला शहरातल्या मोठ्या ऑफिसात बोलावलं गेलं. या लोकांना हे आधी सांगायला काय झालं होतं, असं एका संचालकाने तिला विचारलं. आधीच सांगितलं होतं, ती म्हणाली, आपल्याच माणसाला. त्यावर खोलीत कुणी काही बोललं नाही, आणि यावेळी ती गप्पला होकार समजून पुढे गेली, असं तिने मला फोनवर सांगितलं. रोपं वाया गेली नाहीत. रस्ता फोडताना जे उतार उघडे पडले होते, जिथून खरोखर झाडं गेली होती, तिथे ती लागली. जागा थोडी होती, म्हणून यंदा तिप्पट भरलं नाही, आणि अहवालात ती कमतरता तिने कारणासकट लिहिली. नकाशात गवताला रंग मिळाला. आणि वर एखादा विषय काढला आणि माणसं गप्प राहिली, तर प्रश्न आधी कुणापाशी गेलेला आहे का ते विचारायचं, असं तिने कामाच्या पद्धतीत घालून घेतलं. विजेच्या मोठ्या तारा कुठून न्यायच्या यावर अजून भांडण चालू आहे. पण ते भांडण आता वर, गवतात बसून होतं, आणि दोन्हीकडची माणसं त्यात मोठ्याने बोलतात.

कापणीच्या सुमारास आत्याचा निरोप आला. उत्तर घेऊन आलेलं घर हे पठारावरचं घर धरलं जातं, आणि प्रत्येक घराची एक पट्टी असते. यंदा आमचीही होती.

आई फोनवर आत्याला म्हणाली, "अहो, आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. आम्ही काय करू गवताचं?" पलीकडून काय उत्तर आलं माहीत नाही. पण तिने कपाट उघडलं आणि बाबांचा मळका, पूर्ण बाह्यांचा शर्ट काढला. गवत हाताला कापतं म्हणून.

आमची पट्टी पठाराच्या मध्यावर होती. दरी तिथून दिसत नव्हती. दोन्ही बाजूंनी कापणी चालू होती, मुठी बांधून उभ्या ठेवलेल्या होत्या, आणि हवेत धुळीचा, वाळल्या दांड्यांचा वास होता. आत्याने आईला विळा धरायला शिकवलं. आईने पहिली मूठ इतकी वर कापली की पलीकडच्या पट्टीतल्या बायका काम थांबवून बघायला आल्या. एक म्हणाली, छपराला नाही, दाढीला चालेल. आईने तिला बाह्या वर करून जवळ बोलावलं आणि मग तू दाखव म्हणाली. दुपारपर्यंत तिची मूठ बरी यायला लागली. बाकीची पट्टी इतरांनीच कापली.

मग आमचं गवत कुणाला द्यायचं हा प्रश्न निघाला. रिवाज असा की ज्याला स्वतःला नको तो कुणालाही देऊ शकतो. मला वाटलं आई आत्याला देईल आणि विषय संपेल. पण आईने ते फार मनावर घेतलं. कुणाला गरज आहे म्हणून तिने विचारलं तेव्हा तीन घरांतली माणसं पुढे आली, आणि ती त्यांची चौकशी करायला लागली, माझ्या लग्नाच्या वेळी तिने स्थळांची केली होती तशी. गळतं कुठे? किती दिवसांपासून? घरात लहान कोण आहे? मागच्या वर्षीचं गवत काय केलंस? एक तरुण बाप्या फार गोड बोलत होता. आईने त्याला मधेच तोडलं.

"दाखव," ती म्हणाली.

"काय?"

"छप्पर. मी बघितल्याशिवाय देणार नाही."

त्याने आत्याकडे पाहिलं. आत्याने खांदे उडवले. मग तो पुढे निघाला, त्याच्यामागे आई, बाबांच्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत सरसावलेल्या, आणि तिच्यामागे उरलेली दोन घरं, आपापली बाजू मांडत. उतारावर त्यांची डोकी गवताच्या पलीकडे दिसेनाशी झाली. आईचा आवाज तेवढा येत राहिला.

आत्या माझ्याशेजारी बसली. पुढच्या वर्षी आमची पट्टी कुठली असेल, मी तिला विचारलं.

"अजून ठरायचं," ती म्हणाली. "तुझी आई बैठकीला आली तर लवकर ठरेल. किंवा फार उशीर लागेल, मला तिची लक्षणं कळली आहेत."

खालून कुणीतरी शिडी मागवली.